सर्जेनानांचं लांबचं भिंग

सर्जेनाना फोटो काढायला लागले की आमच्या आळीत कुणी श्वास घ्यायचा नाही, असा नियम आहे.

"आत घ्या," नाना डोळा कॅमेऱ्याला लावून म्हणतात. समोरचा माणूस छाती भरून श्वास घेतो. "थांबा." तो थांबतो. मग कॅमेरा आतल्या आत कुरकुरत भिंग पुढंमागं सरकवतो. नाना एक चाक फिरवतात, ते उलटं फिरलं म्हणून परत फिरवतात, टोपीचा काठ मध्ये येतोय म्हणून टोपी मागं ढकलतात. तोवर समोरच्याचा चेहरा आधी तांबडा आणि मग जांभळा व्हायला लागलेला असतो. "सोडा," असं नाना म्हणतात तेव्हा फोटो निघून गेलेला असतो. त्यामुळं आमच्या आळीतल्या यच्चयावत माणसांचे फोटो गाल फुगलेले आणि डोळे बाहेर आलेले असे आहेत. पाहुणे विचारतात, गावात कसली साथ आली होती काय.

हे सगळं सांगलीच्या दुकानदारामुळं झालं. कॅमेरा देताना त्यानं नानांना सांगितलं, बटण दाबताना श्वास रोखून धरायचा, म्हणजे फोटो हलत नाही. कुणी रोखायचा हे तो बोलला नाही. मी एकदा समजावून पाहिलं, "नाना, श्वास फोटो काढणाऱ्यानं रोखायचा. ज्याचा काढायचा त्यानं नव्हे."

नानांनी विचार केला. "एकट्यानं रोखून काय हुतंय? तुमी तिकडं फुसफुस करत बसणार. मग हलणारच की."

म्हशीलाही ते "आत घे" म्हणतात. ती ऐकत नाही. तिचे फोटो सगळ्यांत चांगले येतात.

नाना आमचे शेजारी. इस्लामपूरपासून हाकेच्या अंतरावर गाव, मळ्यात ऊस, दारात म्हैस, पासष्टीच्या पुढचं वय आणि मिशी मात्र पंचविशीतली. आयुष्यात त्यांनी शेतीच्या अवजारांशिवाय कशाला हौसेनं हात लावला नव्हता. मोबाइल होता, पण तो बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या ताब्यात. असा माणूस दिवाळी झाल्यावर एके दिवशी सकाळच्या एसटीनं सांगलीला जातो काय आणि संध्याकाळी काळा, भरभक्कम, गळ्यात अडकवायचा कॅमेरा घेऊन येतो काय. तोही साधा नव्हे. सोबत दोन भिंगं. एक जवळचं आणि एक कोपरभर लांबीचं, लांबचं. दोन्ही त्यांनी काकूंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून भाकरीच्या बुट्टीत ठेवली होती. एसटीत शेजारच्यानं विचारलं, बुट्टीत काय? नाना म्हणाले, "नाजूक हाय." त्यानं अंडी समजून सांगलीपासून पाय आखडून प्रवास केला.

"नाना, हे कशाला घेतलं?" मी विचारलं.

"उसाचा फोटो काढायचा हाय."

"उसाला लांबचं भिंग कशाला? ऊस काही पळून जात नाही."

"तू गप ऱ्हा, आन शिकीव."

मी इस्लामपूरच्या एका कॉलेजात ग्रंथालयात कामाला आहे. त्यामुळं जगातलं सगळं मला ठाऊक असतं असा गावाचा समज आहे आणि तो समज मी स्वतः होऊन कधी मोडलेला नाही. असला कॅमेरा मी एकदाच हाताळला होता, मेव्हण्याच्या लग्नात, आणि तोही फोटोग्राफर जेवायला बसला म्हणून सांभाळायला. पण 'शिकीव' म्हटल्यावर मी मांडी घालून बसलोच.

पहिल्या पाच मिनिटांत भिंग माझ्या हातात आलं. म्हणजे कॅमेरा नानांच्या हातात राहिला आणि भिंग माझ्या. पुढच्या अंगाला एक बटण होतं, ते फ्लॅशचं आहे असं मी नुकतंच ठासून सांगितलं होतं.

नाना हातातल्या बोडक्या कॅमेऱ्याकडं बघत राहिले. "मुंडकंच काढलंस की रं."

"ते निघतंच, नाना. तसंच असतं."

"मग बसीव."

मी बसवायला लागलो. इकडून लावलं, तिकडून लावलं, ते काही बसेना. घामानं माझी बोटं घसरायला लागली. काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी कप खाली ठेवले, माझ्या हातातून भिंग घेतलं, त्याच्यावरचा पांढरा ठिपका कॅमेऱ्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यासमोर धरला आणि पिळलं. खट्ट.

"मिक्सरच्या भांड्यागत हाय की," त्या म्हणाल्या. "च्या घ्या."

दुसरा पराक्रम मात्र माझा मला लगेच कळला नव्हता. मला जाड चष्मा आहे आणि तो कॅमेऱ्याच्या भोकाला आपटायचा. म्हणून मी चष्मा काढून बघितलं तर सगळं अंधुक. भोकाशेजारी एक बारकं चाक दिसलं. ते फिरवलं, तर चष्म्याशिवाय लख्ख दिसायला लागलं. वा, म्हटलं, काय सोय केलीय. आणि कॅमेरा नानांना परत दिला.

नानांनी डोळा लावला. काढला. पुसला. परत लावला. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वर्षापूर्वी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी नाना सांगलीला डोळ्याच्या डॉक्टरांकडं. त्यांनी तपासून सांगितलं, नजर उत्तम आहे. "मग कॅमेऱ्यातनं धुकं का दिसतंय?" नानांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, कॅमेरा घेऊन या. नाना परत गावाला, परत बुट्टी, परत सांगली. डॉक्टरांनी कॅमेरा हातात घेतला, चाक जागेवर आणलं आणि विचारलं, "हे कुणी फिरवलं?" नानांनी माझं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट.

त्यानंतर आठवडाभर मी मागच्या दारानं ये-जा केली.

पण नाना शिकले. 'ऑटो' नावाची सोय त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केली. "आटो म्हंजे रोजंदारीचा गडी. रान आपलं असंल तर मालकानं सोता राबावं." मग मी त्यांना तीन गोष्टी समजावल्या, म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ बघून जशा मला समजल्या तशा: भोक किती उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं आणि आतला पडदा उजेडाला किती हावरा आहे.

नाना मान हलवायला लागले. "म्हंजे पान्याचा वॉल किती फिरवायचा, किती येळ फिरीवल्याला ठिवायचा, आन रान किती तानल्यालं हाय."

"अगदी बरोबर," मी म्हणालो. खरं तर मला तोवर कळलंच नव्हतं, तेव्हा कळलं.

आता आमच्या भागात उसाला पाणी द्यायचं म्हणजे कसं, हे वेगळं सांगायला नको. वॉल पुरता खोलायचा आणि झोपायला जायचं. सरीतून पाणी वाहून रस्त्यावर आल्याशिवाय इथं कुणाला पाणी दिल्यासारखं वाटत नाही. नानांनी तेच केलं. वॉल पुरता, वेळ भरपूर, रान कायमचं तहानलेलं. पहिल्या दिवशीचे सगळे फोटो पांढरेफटक. घर पांढरं, ऊस पांढरा, मी पांढरा. म्हैस तर जर्सी गाय झाली होती.

काकू माहेरच्या आटपाडीकडच्या. तिकडं पाणी असं बघायला मिळायचं नाही. त्यांनी जर्सी झालेली म्हैस बघितली आणि म्हणाल्या, "आवं, जरा कमी सोडा की. कालवा बापाचा असल्यागत काय सोडताय? आमच्यात एवढ्यात तिघांची आंघूळ हुती."

"तुमच्यात आंघूळ तरी कवा करत्यात?" नाना म्हणाले. पण वॉल अर्धा केला, वेळ कमी केला आणि म्हैस काळी झाली. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी म्हशीचे इतके फोटो काढले, की ती शेवटी त्यांच्याकडं पाठ करून बसली.

मग एके दिवशी नाना मला म्हणाले, "सुभाष, उद्या सकाळी मळ्यात ये. तुझा फोटो काढायचा हाय."

"माझा?"

"तुझ्या अंगावर उजेड लय भारी बसतोय."

असं मला जन्मात कुणी म्हटलेलं नव्हतं. मी चौकड्याचा नवा शर्ट काढला. बायकोनं विचारलं, कुणाचं लग्न? मी नुसता हसलो.

आणि मग रोजच सुरू झालं. कॉलेजला जाण्याआधी तासभर मी नानांच्या मळ्यात, बांधावर, उन्हात. नाना लांबचं भिंग लावून उसाच्या कडेला उकिडवे.

"जरा डावीकडं सर. आनकी. आता बस. खाली बस की गड्या, तुझं डोस्कं मधी येतंय."

"डोकं मध्ये येतंय म्हणजे? फोटो माझाच आहे ना?"

"व्हय व्हय, तुझाच. मान तिकडं कर."

फोटो दाखवा म्हटलं की नाना म्हणायचे, नीट न्हाई आला, उद्या बघू. मला वाटायचं, केवढा चोखंदळ माणूस. एका फोटोसाठी इतकी मेहनत घेतो, म्हणजे माझ्यात काहीतरी असलंच पाहिजे.

इथं मला बांधापलीकडचं सांगायला हवं. नानांच्या उसाला लागून त्यांच्या थोरल्या भावाचं, तात्यांचं रान आहे. नानांचा ऊस, तात्यांची हळद. विहीर दोघांत एक, मोटर एक, पाळी ठरलेली आणि बोलणं आठ-नऊ वर्षं बंद. पैशाअडक्याचं काही नाही, बांध कोरल्याचंही नाही. नानांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापली तेव्हा तात्यांचं नाव 'निमंत्रक' म्हणून यायचं ते 'स्वागतोत्सुक' या मंडळींत आलं. म्हणजे भावकीतली पोरंटोरं, मित्रमंडळ आणि तात्या. छापखान्यातली चूक होती. पण आमच्याकडं पत्रिका आधी नावं कुठं आहेत ते बघायला उघडतात, मग लग्न कुणाचं आहे ते बघतात. तात्या भर मांडवात नानांना म्हणाले, "थोरला हाय का वाढपी हाय मी?" आणि न जेवता गेले. नानांनी म्हणायचं, थोरल्यानं हाक मारावी. तात्यांनी म्हणायचं, धाकट्यानं यावं. दोघंही ताठ, आणि दोघंही रोज सकाळी एका विहिरीवर.

आता तात्यांचे गुडघे गेले होते. घरात ते एकटेच. हळद काढून, शिजवून, वाळवून झाली की रान वाट्यानं देऊन फलटणला लेकीकडं कायमचं जायचं ठरलं होतं. गावाला हे दिवाळीतच कळलं होतं. कॅमेरा दिवाळीनंतर आला. जगातलं सगळं ठाऊक असलेल्या मला या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे सुचलं नाही. मी शर्टाला इस्त्री करत होतो.

शेवटी मला राहवेना. कॅमेऱ्यातलं कार्ड मधूनमधून साफ करावं लागतं, नाहीतर कॅमेरा मंद होतो, अशी थाप मारून मी ते घरी आणलं आणि कॉम्प्युटरला लावलं. बायकोलाही शेजारी बसवलं. नवऱ्याची खरी ओळख तिला एकदा होऊ दे म्हटलं.

पहिल्या फोटोत डाव्या कडेला चौकड्याचा एक अंधुक ढीग होता.

"हे गोधडीवानी काय वाळत घातलंय?" बायकोनं विचारलं.

तो मी होतो. दुसऱ्यात नुसता माझा कान, तोही पुसट. तिसऱ्यात खांदा. एकाही फोटोत मी धड नव्हतो. आधी मला वाटलं, परत ते बारकं चाक फिरलं. मग बायको पडद्याकडं वाकून म्हणाली, "अगंबाई, हे तात्या की."

माझ्या कानापलीकडं, खांद्यावरून, काखेतून, प्रत्येक फोटोत तात्या होते. स्वच्छ. मोटरपेटीत हात घातलेले तात्या. बांधावर बसून भाकरी मोडणारे तात्या. पटका सोडून घाम पुसणारे. गुडघा धरून उठणारे. मानेवरच्या सुरकुत्या मोजाव्यात इतकं सगळं नीट. फोटो नीट कुठं यावा ते दाखवणारा लाल ठिपका आत असतो. तो आपोआप बसतो, त्याला हात लावू नका, असं मी नानांना बजावलं होतं. नानांनी तो माझ्यावरून उचलून रोज बांधापलीकडं नेऊन ठेवला होता.

संध्याकाळी कार्ड घेऊन गेलो. नाना सोप्यात बसले होते, काकू लसूण सोलत होत्या.

"नाना, ठिपका आपोआप बसत नाही वाटतं."

नानांनी माझ्याकडं बघितलं आणि कार्ड काढून घेतलं. "बाणाच्या बटनानं हलतोय. तुला काय म्हाईत हाय?"

"मला सांगायचं तरी. मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायचो."

"तू मधी नसतास तर त्येला कळलं असतं, कॅमेरा कुणावर हाय." त्यांनी कार्ड बोटांत फिरवलं. "आन उपेग काय झाला? एकबी तोंड न्हाई बघ. समदी पाठ, न्हाई तर कडंनं. हिकडं म्हणून बघत न्हाई गडी."

"पण तोंड कशाला पाहिजे, नाना? जन्मभर बघितलंय की."

"त्येच येत न्हाई," नाना म्हणाले. "डोळं मिटलं की त्या मांडवातलं येतंय. चिडल्यालं. त्येच्या आधीचं आठवाय गेलं तर येतच न्हाई गड्या. आता फलटणला गेला म्हंजे त्ये चिडल्यालंच ऱ्हानार माझ्यापाशी."

काकू लसूण सोलत राहिल्या.

"मी हाक मारतो तात्यांना," मी म्हणालो. "वळले की तुम्ही बटण दाबा."

"तुझ्या हाकंला वर्गणी मागाय आल्यागत बघंल त्यो. तसलं तोंड घिऊन काय करू?"

तात्यांच्या जाण्याचा दिवस आला. हळदीची पोती बांधावर रचलेली, जावयाचा टेम्पो यायचा होता. मी रजा टाकली. आम्ही तिघं उसाच्या कडेला: नाना कॅमेरा डोळ्याला लावून, काकू पदर खोचून, आणि मी, या वेळी जुन्या शर्टात. मला मध्ये बसवलं नाही. आडोसा करायचे दिवस संपले होते.

तात्या पोत्यांची तोंडं शिवत होते. पाठ आमच्याकडं. एक पोतं झालं. दुसरं झालं. पलीकडं गेले, वाटलं आता वळतील, तर वाकले. लांब रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न ऐकू आला.

"आवं, मारा की हाक," काकू हळूच म्हणाल्या. "जीभ झिजती का काय?"

नानांचा डोळा कॅमेऱ्यालाच होता. मग ते ओरडले, "दादा."

गाव त्यांना तात्या म्हणतं. ही हाक मी कधी ऐकलेली नव्हती. तात्यांचा दाभण धरलेला हात थांबला. ते वळले, उन्हाला आडवा हात धरला आणि सरळ आमच्याकडं बघितलं.

"काय रं?"

जसं काही सकाळीच एकदा बोलणं झालं होतं.

"दाबा नाना, दाबा," मी कुजबुजलो. नानांचं बोट बटणावर होतं. अर्धं दाबलेलं होतं, लाल ठिपका बसलेला असणार. त्यांनी दाबलं नाही. कॅमेरा खाली घेतला.

"ह्येचं बटन दाबंना," ते म्हणाले.

तीन-चार महिन्यांत ज्या माणसानं आळीतला प्रत्येक गाल आणि म्हशीचं प्रत्येक अंग टिपलं होतं, त्याचं हे बोलणं ऐकून मी जाणकारासारखा पुढं सरकलो. काकूंनी माझी बाही धरून मागं ओढलं. "तू गप ऱ्हा."

तात्यांनी दाभण पोत्यात खोवला. "आण हिकडं, बघू." आणि नानांनी न्यायच्या आत गुडघा धरत स्वतःच बांध चढून आले. हळदीनं पिवळ्या झालेल्या हातांत त्यांनी कॅमेरा घेतला. उलटा केला, हलवला, कानाला लावला.

"पाडलास का?"

"न्हाई दादा."

"पाडला असशील. ल्हानपनापास्नं तुझ्या हातात वस्तू टिकत न्हाई."

"व्हय," नाना म्हणाले. पासष्टी ओलांडलेला माणूस, मान खाली.

"जा, तिकडं लांब हुभा ऱ्हा. सरळ. हसू नगंस उगं."

नाना जाऊन उसाला टेकून उभे राहिले. तात्यांनी कॅमेरा डोळ्यासमोर धरला आणि हाताला लागेल ते सगळं दाबलं. त्यातलं एक लागलं.

"झालं," ते म्हणाले. "ह्यात काय अवघड हुतं?"

मग टेम्पो आला. पोती चढवायला तात्यांनी नानांनाच लावलं आणि प्रत्येक पोत्यामागं 'असं न्हवं, तसं धर' म्हणत राहिले. मी एक पोतं उचलायला गेलो, ते माझ्या पायावर पडलं. ते जाऊ दे.

तो फोटो नानांच्या सोप्यात चौकट करून लावलाय. लांबचं भिंग होतं, त्यामुळं नाना काही पुरते मावलेले नाहीत. एक डोळा, अर्धी मिशी आणि टोपीचा काठ एवढंच आहे, पण हसू नको म्हटलेलं असतानाही तो डोळा हसतोय. कुणी विचारलं की नाना सांगतात, "दादानं काढलाय."

तात्यांचा समोरून फोटो मात्र राहून गेला. तो काढायचा म्हणून नाना आता महिन्या-दीड महिन्यानं फलटणला जातात, दोन-दोन दिवस राहतात, आणि दर वेळी कॅमेरा घरीच विसरून जातात.